कुलूपबंद तांड्यातले ओले सडे

नगरहून निघताना माझ्याजवळ दोन ब्लँकेटं होती आणि एका अनोळखी बाईचं नाव. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका दर नाताळाआधी लांबच्या एखाद्या एकट्या विश्वासणाऱ्याकडे काहीतरी पोचवतात. यंदा मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची (बंजारा वस्तीवरची) जमनाबाई ठरली, आणि जायची पाळी माझी होती. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर पाळी चुकवणं जमत नाही.

वाशिमहून मंगरूळपीरला आले. स्टँडबाहेर आलूबोंडा खाल्ला. सोबतच्या तर्रीने (तिखट रश्शाने) डोळ्यांत पाणी आलं, तशी दुकानदाराने न मागता साखरेची पुडी पुढे केली. तिथून दुसऱ्या एसटीने मानोरा, आणि पुढे रिक्षा.

तांड्याचं नाव ऐकून रिक्षावाला म्हणाला, "आता तिथं कोनी नसन. समदे ऊसतोडीले गेले."

"जमनाबाई आहेत ना?"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ते हाये. पन तिच्या घरचं पानी पिऊ नका, मॅडम."

"का?"

"लोक म्हनतात," एवढंच तो बोलला. फाट्यावर मला उतरवून त्याने लगेच रिक्षा वळवली.

दोन्ही बाजूंना तूर उभी होती. वाळू लागलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या आणि वारा थांबला तरी ते खुळखुळणं थोडं पुढे चालूच राहायचं. टेकाड चढून गेले तर तांडा समोर. तीसेक घरं असतील. प्रत्येक दाराला कुलूप, कुलपावर बाभळीची काटेरी फांदी. बाजा छपरांवर उलट्या टाकलेल्या, पाय वर. पाच-सहा कुत्री माझ्या मागे येऊ लागली. एकही भुंकलं नाही.

मग मला ते दिसलं. पहिल्या घरापुढचं अंगण झाडलेलं होतं आणि त्यावर शेणाचा सडा होता. अजून ओला. दुसऱ्या घरापुढेही तसाच, तिसऱ्याही. कुलपं गंजू लागली होती आणि उंबऱ्यापुढची माती मात्र नुकती भिजलेली. मी वाकून बोट लावलं. बोटाला शेण लागलं. 

शेवटच्या घरातून बाईचा आवाज आला. कोणाशी तरी ती बोलत होती, थांबत होती, हसत होती. उत्तर कोणाचंच नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाजेवर एक म्हातारा पडला होता, अर्धं अंग गेलेला. त्याचा एक डोळा माझ्याकडे वळला. जवळ बसलेली वाळकी बाई जमनाबाईच. तिच्या हातात पिठल्या-भाकरीचा काला होता. तिने आधी एक घास स्वतःच्या तोंडात घातला, चावला, गिळला, तोंड उघडून त्याला दाखवलं. मग त्याने आपलं तोंड उघडलं. प्रत्येक घासाला हेच. मी दारातच थांबले.

"ये माय, बस," ती म्हणाली. "तो अजून भेते मले. त्याले वाटते, मी काही चारीन."

म्हातारा म्हणजे रूपसिंग, तिने सांगितलं. त्याचा नातू तापाने गेला तेव्हा यानेच जमनाबाईला डाकीण ठरवलं होतं. तिचे केस कापून तिला तांड्याबाहेर काढलं. पुढे ती परत येऊन तांड्याच्या कडेला राहू लागली. आता रूपसिंगचा मुलगा ऊसतोडीला जाताना या घराची किल्ली तिच्याच हाती देऊन गेला होता, कारण मागे राहिलेलं दुसरं माणूसच नव्हतं.

"आणि बाहेरचे सडे?"

"मीच टाकतो. वापस येतीन तवा घर पडीक नाही दिसलं पाह्यजे."

मला राहवलं नाही. "बाई, शत्रूवर प्रीती करा ही आज्ञा आहे, कबूल. पण रोज इतकं?"

तिने भांडं खाली ठेवलं. 

"आज्ञा म्हनून केलं असतं तं दोन दिसांत थकली असती मी," ती म्हणाली. "मले तांड्याबाहेर काढलं ना, तवा मी याची सुडी पेटवली. कापून रचलेलं समदं सोयाबीन. अन् पळत मानोऱ्याले गेली. तिथं एक पास्टरबाई होती. तिले सांगतलं, मी खरंच डाकीण हावो. तिनं माह्ये काळे हात धुतले, आपल्या ताटात जेवाले बसवलं. म्हने, येशूले माहीत हाये, तरी तो तुले लोटत नाही. त्या दिसापासून पोट भरलेलं हाये माह्यं. भरल्या पोटाच्या मानसाले वाढाले जड नाही जात."

"सुडी तुम्ही पेटवलीत, हे यांना सांगितलंत?"

"हाव. याच उंबऱ्यात उभी राहून. यानं माफ नाही केलं. देवानं केलं."

रूपसिंगचा डोळा तिच्यावर खिळला होता. त्यात भीती होती, अजूनही.

ती पाणी आणायला उठली आणि काल्याचं भांडं माझ्या हाती दिलं. मी सवयीने घास त्याच्या ओठांशी नेला. त्याने दात आवळले. असे किती रोगी मी पाहिले होते! हनुवटी धरून मी त्यांना भरवलं होतं, वेळेवर, चोख, मनात घड्याळ ठेवून. माझा हात हनुवटीकडे गेलाही. मग मी तो मागे घेतला आणि घास स्वतः खाल्ला. पिठलं अळणी होतं, त्याच्या पथ्याचं. तीही तेच खात होती. मी तोंड उघडून दाखवलं. बराच वेळ तो पाहत राहिला. मग खाल्लं.

जमनाबाईच्या हातचं पाणी पिऊन मी निघाले. ब्लँकेटं तिने दोन्ही त्याच्याच अंगावर घातली.

परत येऊन आठवडा झाला. घरी माझी नणंद गेली तीन वर्षं अंथरुणावर आहे. तिच्या औषधाची वेळ मी एकदाही चुकवलेली नाही, आणि तिच्याजवळ एकदाही बसलेले नाही. परवा गोळ्या दिल्यावर मी खुर्ची ओढून बसले. ती घाबरली.

"डॉक्टर काही म्हणाले का?" तिने विचारलं.

"नाही. असंच बसलेय," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. मी बसून राहिले.