इंटरव्हलला येतेस न्हवं?

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. सासूबाईंना उंबऱ्यावर कोणीतरी दिसायचं, तर मी म्हणायचे, "आत्याबाई, चष्मा बदला." तेव्हा आता तुम्हीही माझ्यावर हसून घ्या…

माझी नात सायली फिल्म करते. माणसं खरी, घर खरं, पण मध्येच एखादी गोष्ट रचलेली. कुठली, ते बघणाऱ्याला कळता कामा नये. मला म्हणाली, "आजी, ताराआजी कशी गेली ते दोनदा सांग. एकदा खरं, एकदा रचून."

तारा माझी धाकटी बहीण. बारा वर्षांची, तापानं गेली. मी एकोणीसची — दोन वेण्या, लाल रिबिनी, आरशासमोर हिरॉईनसारखी मान वेळावणारी महामूर्ख पोरगी.

पहिल्यांदा घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते सांगितलं. आई कामावर गेलती, मी उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलत होते, ती झोपेतच गेली.

दुसऱ्यांदा 'रचून' सांगितलं. मी बाहेरून कडी लावून तीनच्या शोला गेले. परतले, तर तारा दाराशी पडलेली. थंड.

"भारी रचलंस की गं!" सायली म्हणाली. मी गालात हसले. पन्नास वर्षं खोटं खपवलेल्या बाईला खरं खपवणं काय अवघड!

मग कडीची गोष्ट शूट करायला मंगळवार पेठेतल्या आमच्या त्याच खोलीत, भर दुपारी, ताराचं काम करायला एक मुलगी आणली. तिला एवढंच सांगितलेलं — डोळे मिटून पडायचं, बोलायचं नाही. मी पदर सारखा केला, दाराकडे निघाले. मागून आवाज आला,

"अक्का, इंटरव्हलला येतेस न्हवं?"

मी गर्रकन वळले. हे वाक्य मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, रचलेल्या गोष्टीतसुद्धा नाही. त्या दुपारी मी निघताना तारानं विचारलेलं, मी "व्हय" म्हटलेलं. थिएटर दोन गल्ल्या पलीकडं. इंटरव्हलला मी खारे शेंगदाणे खाल्ले.

सायली त्या मुलीवर चिडली, "अगं, बोलायचं नव्हतं ना!"

"ताई, मी कुठं बोलले?" पोरगी रडकुंडीला आली.

रेकॉर्डिंग लावलं. आवाज स्पष्ट. चित्रात ओठ मिटलेले.

परवा शाहूपुरीत एका हॉलमध्ये फिल्म दाखवली. शेवटी सायलीनं विचारलं, "कडीची गोष्ट रचलेली वाटते त्यांनी हात वर करा." झाडून सगळे हात वर. मीही केला.

तो आवाज कुठून आला, मला आजही ठाऊक नाही. माईक, वारा, शेजारचा टीव्ही… सगळं धरून पाहिलं, कशातच बसत नाही.

सायली, तू हे सदर वाचतेस. तो हात मला खाली घ्यायचाय.