फाटक्या पोत्यातलं खाणं

कारखान्यात त्याला सगळे शिंपी म्हणायचे. आयुष्यात त्याने कधी सदरा शिवला नव्हता, तुटलेलं बटण लावायचं तरी बायकोपुढे जाऊन उभा राहायचा. पण भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायचं जे मशीन असतं, त्यावर तो तरणाताठा असताना उभा राहिला आणि तिथेच त्याचे केस पिकले. पट्ट्यावरून पोतं डुलत यायचं. त्याचं तोंड दोन्ही हातांच्या चिमटीत घट्ट धरून मशीनखालून सरकवलं की खर्रकन टाके पडायचे आणि पोतं पुढे जायचं. कुत्र्यामांजरांचं सुकं खाणं बनवायचा तो कारखाना. संध्याकाळी घरी निघाला की त्याच्या अंगाला असा वास यायचा की रस्त्यातली कुत्री मागे लागायची. "शिंपीदादा, एवढी माणसं पुढाऱ्याच्याही मागे नसतात," असं गेटवरचा रखवालदार रोज म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा.

शिंप्याचा धर्म एकच होता, तो म्हणजे पोट भरलं पाहिजे. आईबाप लहानपणीच गेले म्हणून तो मामाकडे वाढला. मामी काही वाईट नव्हती, पण तिची स्वतःची तोंडं होती आणि वाढताना हे उपरं तोंड नेहमी शेवटी यायचं, तोवर पातेल्याच्या तळाशी पळी खडखडायला लागलेली असायची. तांब्याभर पाणी पिऊन पोटातल्या कावळ्यांना गप्प बसवायची विद्या तो तिथे शिकला. ज्याने असं पाणी पिऊन झोप काढली, त्याला पुढे अन्नाला नावं ठेवणारा माणूस समोर चालत नाही. कुणी डबा उघडून नाक मुरडलं की शिंपी आपला डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचा. काय खाल्लं ते श्रीमंतांनी विचारावं, आपण किती खाल्लं ते बघावं, असं तो म्हणायचा. हे वाक्य त्याला इतकं आवडायचं की सांगायला निमित्तही लागत नसे.

दोन खोल्यांचं घर, त्यात तो आणि बायको. मूलबाळ झालं नाही. बायकोने एकदा गटाराच्या कडेवरून मांजरीचं पिल्लू उचलून आणलं. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस तुकडे, जणू उरल्यासुरल्या कापडातून बेतलेलं. तिने नाव ठेवलं ठिगळी. शिंप्याच्या घरी ठिगळीच यायची, दुसरं काय येणार, म्हणून कारखान्यात त्याची भरपूर टिंगल झाली. तोही हसला.

मग एका सकाळी बायकोच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय गेले. बोलणं तेवढं राहिलं, पण सावकाश, एकेक शब्द वेचून काढल्यासारखं. ती खाटेवर पडली ती पडलीच. शिंपी सकाळी तिचं सगळं आवरून कामावर जायचा. दुपारी शेजारीण डोकावून पाणी देऊन जायची. बाकी दिवसभर घरात बायको आणि ठिगळी. संध्याकाळी आला की ती त्याला दिवसाचा वृत्तांत द्यायची, आणि त्यात माणूस एकही नसायचा. ठिगळी खिडकीत बसली, ठिगळीने चिमणीवर डोळा ठेवला, ठिगळी माझ्या उजव्या हाताखाली झोपली. शिंपी हातपाय धुता धुता हं हं करायचा. ही मांजर नसती तर बायकोने केव्हाच भिंतीकडे तोंड केलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच त्याने ठिगळीचं पोट कधी रिकामं ठेवलं नाही. कारखान्यात पट्ट्यावर एखादं पोतं फाटायचं. त्यातला माल विकता यायचा नाही, तो शनिवारी कामगारांनी घरी न्यायचा अशी पद्धत होती. फाटायची ती कुत्र्यांच्या खाण्याची मोठी पोती. मांजरांचं खाणं छोट्या जाड पाकिटांत जायचं, ती कधी फाटत नसत. शिंपी कुत्र्यांचं खाणं पिशवी भरभरून आणायचा आणि ठिगळी ते कुरुमकुरुम खायची.

बायकोने सुरुवातीलाच विचारलं होतं, "अहो, हे कुत्र्याचं ना? तिला चालेल?"

"अगं, मी तिथेच उभा असतो ना! तीच चक्की, तीच भट्टी. साचा बदलला की गोळ्यांचा आकार बदलतो, वर चित्र मांजराचं चिकटवतात. आपण आत बसलेली माणसं, आपल्याला कोण फसवणार?"

शिवाय त्याच्याकडे पुरावा होता. मांजरांचं खाणं बनायच्या पाळीत जमिनीवर सांडलेलं झाडून गेटवरच्या कुत्र्याला घालत. तो कुत्रा फुगून पिंप झाला होता, अधूनमधून त्याचं पोट बिघडायचं, बाकी ठणठणीत. कुत्र्याला मांजराचं चालतं, मग मांजराला कुत्र्याचं का चालू नये? शिंप्याचा हिशेब सरळ होता. मांजरांच्या पाळीत एक कामगार मिश्रणात पांढरी पूड ओतायचा, तेही त्याने रोज पाहिलं होतं. मांजरं नखरेल, त्यांना वासाबिसाची पूड लागत असेल, म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. आत बसलेल्या माणसाला सगळं दिसतं, हीच खरी पंचाईत असते.

पुढे बायको वाळायला लागली. गालफडं बसली, मनगटाची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात ताकद नाही, रोज मासा नाहीतर मटण पोटात गेलंच पाहिजे. शिंपी म्हणाला, रोज देतोच की. आणि खरंच द्यायचा. आपल्या ताटात नसलं तरी तिच्या ताटात असायचं. मग जातं कुठे? एकदा तो पाणी आणायला उठला आणि दारातून मागे वळून पाहिलं, तेव्हा चोरी सापडली. बायको उजव्या मुठीत माशाचा तुकडा दाबून हात खाटेखाली सोडत होती आणि खाली ठिगळी तयारच होती. रोज अर्धाअधिक मासा त्या वाटेने जात होता.

शिंपी भडकला. आयुष्यात बायकोवर फारसा ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडला. "मी पोटाला चिमटा घेऊन तुझ्यासाठी आणतो आणि तू मांजरीला घालतेस? तिला काय कमी आहे? वाटी भरलेली असते तिची!"

"थोडं तरी देऊ द्या हो तिला," बायको म्हणाली. "नुसत्या त्या गोळ्यांवर तिचं भागत नाही. मासा बघितला की कशी बघते माझ्याकडे."

"मांजर आहे ती. मासा बघून काय पाठ फिरवेल?"

त्या दिवसापासून तो स्वतःच्या हाताने बायकोला भरवायला लागला. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे, तरी खाटेच्या काठावर बसून काटे काढून एकेक घास तिच्या तोंडात घालायचा आणि गिळल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही. खाली ठिगळी पायांना अंग घासत फिरायची. तिला तो पायाने हळूच बाजूला सारायचा, "तुझं तिकडे आहे बघ." हळूहळू बायकोच्या गालांवर मूठभर मांस आलं. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. शिंप्याला वाटलं, जन्मात एक काम आपण चोख केलं.

वर्ष उलटून गेलं. बायकोच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, म्हणून दवाखान्यातून वापरलेला लोखंडी पलंग मिळवला. डोक्याकडची बाजू वर उचलता यायची. शेजाऱ्याच्या मदतीने जुनी खाट बाहेर काढली, पलंग दुसऱ्या भिंतीला लावला, कपाट इकडचं तिकडे केलं. ती दुखण्यात पडल्यापासून खोलीतली एक वस्तू हलली नव्हती. बायकोला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि शिंपी कौतुकाने कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

ठिगळी आतून आली. जिथे खाट असायची तिथे सरळ गेली, उडी मारली आणि रिकाम्या हवेतून खाली पडली. उठली, वळली, आणि पलंगाच्या लोखंडी पायावर तिचं डोकं आपटलं.

"चढलीय की काय हिला?" शिंपी हसला.

ठिगळी पुन्हा निघाली आणि कपाटावर आपटली. मग जिथल्या तिथे बसली आणि ओरडायला लागली. तिचे डोळे टक्क उघडे होते, बाहुल्या मोठ्या काळ्याभोर. बायको हसत नव्हती.

"हिला दिसत नाही," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. खोली पाठ होती, म्हणून चालायची."

शिंप्याने तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी ठिगळीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, छातीचा फोटो काढला.

"काय खाते ही?"

"उत्तम खाते," शिंपी अभिमानाने म्हणाला. "आमच्याच कारखान्यातलं. एक दिवस उपाशी ठेवली नाही."

"मांजरांचं ना?"

"कुत्र्यांचं. पण एकच असतं हो ते, मी तिथेच कामाला आहे."

बाईंनी नळी गळ्यातून काढली. "एकच नसतं, काका. कुत्र्याने मांजराचं खाल्लं तर सहसा पोट बिघडतं, फुगतो, फार तेलकट असतं ते. मांजराने एखाद दिवस कुत्र्याचं खाल्लं तरी काही होत नाही. पण मांजराला मांसातलं टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. कुत्र्याचं शरीर ते घरच्या घरी बनवतं, मांजराला बनवता येत नाही. म्हणून मांजरांच्या खाण्यात ते वरून घालतात."

पांढरी पूड. शिंप्याच्या डोळ्यांपुढे ती मिश्रणात पडताना दिसली, वर्षानुवर्षं रोज पाहिलेली.

"ते मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय सैल पडतं. हिचं दोन्ही झालंय. डोळे परत येणार नाहीत. हृदयासाठी औषध देते, पण फार उशीर झालाय. मांजर भरल्या पोटी उपाशी राहिलं म्हणायचं." मग त्या थांबल्या. "एक कळत नाही. इतकी वर्षं हेच खात असेल तर हे आधीच व्हायला हवं होतं. दुसरं काही खायची का?"

शिंप्याने ठिगळीच्या पाठीवर हात ठेवला. "बायको तिच्या ताटातला मासा द्यायची."

"अजून देतात?"

"नाही. मी बंद केला."

बाईंनी मान खाली घातली आणि औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी येऊन तो खोटं बोलला. "वय झालंय म्हणाल्या." बायकोने उजव्या हाताने ठिगळीला जवळ ओढून घेतलं. त्या आठवड्यात शिंप्याने फाटक्या पोत्यातला माल शेजारच्या माणसाला देऊन टाकला. मांजरांच्या खाण्याचं पाकीट विकत आणलं, मासे आणले, ठिगळीसाठी वेगळे शिजवले. तिला औषध चारताना हाताला ओरखडे उठले, ते त्याने बायकोला दिसू दिले नाहीत. ठिगळीला थोडी तरतरी आली. पलंगाचे पाय ती शिकली, वर चढायला लागली. शिंप्याला वाटलं, निभावलं बहुतेक. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण माणूसही काही कमी नसतो.

"आता चालतो वाटतं तिला मासा?" एक दिवस बायकोने विचारलं.

शिंपी तिच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. टॉरिन, पूड, डोळे, हृदय. शेवटी म्हणाला, "तुझ्या मुठीतल्या त्या तुकड्यांवर ती तगली होती गं. मी तेच तोडलं. मी आंधळी केली तिला." आणि तो रडला, नाकातोंडातून, मामीच्या घरीही कधी रडला नव्हता तसा.

 बायकोला राग आला होता, तो तिने लपवला नाही. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो."

"माशी डोळ्यांपुढून गेली तरी ती मान वळवत नव्हती, तेव्हाच मला कळलं. पण तुम्ही दिवसभर राबून यायचात आणि काटे काढत बसायचात. तुमचा हात मागे कसा ढकलू? म्हणून गप्प बसले." थोड्या वेळाने म्हणाली, "दोघांनी मिळून केलं आपण."

तिने असं म्हटलं, पण त्याने शिंप्याचं ओझं हललं नाही. कामावर पांढऱ्या पुडीची पाळी आली की तो मशीनकडे तोंड करून उभा राहायचा. डबा मात्र खायचा. भूक काही लाज धरत नाही.

रविवारची दुपार होती. शिंप्याने मासे केले, बायकोला भरवलं, मग आपलं ताट वाढून घेतलं आणि पलंगाशी स्टूल ओढून जेवायला बसला. ठिगळी बायकोच्या उजव्या हाताखाली झोपली होती. ऊन पलंगाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं.

"आणखी घ्या थोडं," बायको म्हणाली. "पातेल्यात आहे अजून."

त्याने घेतलं. बऱ्याच दिवसांनी चवीने जेवला. ताट धुऊन आला, एका वाटीत मासा कुस्करला, काटे नाहीत ना ते बोटांनी दोनदा चाचपलं आणि पलंगाशी येऊन म्हणाला, "चल गं ठिगळे, आता तुझी पाळी."

ठिगळीने नाक उचललं नाही. बायकोचा हात तिच्या पाठीवर तसाच होता.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "गेली ती. तुम्ही ताट वाढून घेत होतात तेव्हाच."

शिंपी वाटी धरून उभा राहिला. "मग मघाशीच बोलली का नाहीस?"

"तुमचं पोट भरू दिलं आधी."