बेकर, मालवणकडचे

भाजत्या पावाचा वास आला की मला ऑफिसातला एक जुना सहकारी आठवतो, कारण त्याचं आडनाव बेकर होतं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात कुठेही त्यानं ते सांगितलं की समोरच्याचा चेहरा उजळे. "त्या गायिकेचे कोण तुम्ही? की सीरियलमधल्या डिटेक्टिव्हचे?" तो नुसता हसे, आणि त्याच्यामागे रांगेत उभा असलेला मी माझ्या लांबलचक आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगे आणि आतल्या आत जळे. म्हणून एका संक्रांतीला त्याला मुद्दाम आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. म्हटलं, आपल्या माणसांत तरी याच्या आडनावाला कुणी विचारणार नाही. दारात तिळगूळ वाटणाऱ्या काकूंनी त्याला नाव विचारलं आणि त्या एकदम खुलल्या. "बेकर? कुठले हो, मालवणकडचे का?" मी घाईनं म्हणालो, "काकू, तो अमेरिकन आहे!" "अरे, सिटिझनशिप घेतली म्हणून आडनाव जातं का? घारे डोळे बघ ना, कोकणातलेच!" असं म्हणत त्यांनी त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले. मला एक दिला, तोही फुटका, आणि माझं आडनाव विचारलंच नाही. परवा एका बेकरीत कॉफी घेताना काउंटरवरच्या पोरीनं कपावर लिहायला नाव विचारलं, आणि त्या वासात माझ्या तोंडून निघून गेलं, "बेकर." ती हसली, "लाइक द डिटेक्टिव्ह?" मी ताठ होत म्हणालो, "नो, नो. मालवण साइड."