तिच्या वाट्याचं पाणी

फैजपूरजवळच्या आमच्या गावात मे महिन्यातल्या दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला दिवसभरासाठी एक छोटी बाटली पाणी मिळायचं. ती नुकतीच नववी पास झाली होती.

सुरुवात सुजलेल्या डोळ्यांपासून झाली. सकाळी उठली की पापण्या जड दिसायच्या. आईला वाटायचं, अभ्यासाचं जागरण असेल. मग एक दिवस ती शाळेत चक्कर येऊन पडली. लहानपणी तिला वारंवार ताप यायचा. गावात इंजेक्शन मिळायचं, ताप उतरायचा, आणि लघवी तपासावी असं कुणाच्या मनातही यायचं नाही. जळगावच्या डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर मोजलं, पट्टा सोडला, परत बांधून पुन्हा मोजलं आणि सोनोग्राफीला पाठवलं.

"दोन्ही किडन्या आक्रसल्यात," ते वडलांना म्हणाले. "जन्मापासूनचा दोष असावा. लघवी उलटी वर चढत राहिली आणि किडन्या हळूहळू खराब होत गेल्या."

वडील केळीच्या बागांमध्ये घड कापायला जातात. त्यांनी विचारलं, "औषधानं भरून येईल ना, साहेब?"

"आता नाही," डॉक्टर म्हणाले.

माझं कॉलेज संपलं होतं, म्हणून जळगावला डायलिसिसला तिला एसटीने मीच न्यायची. लघवी जवळजवळ थांबली होती, म्हणून पाणी मोजून मिळायचं. केळी बंद झाली. भाजी उकडून तिचं पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. तिने जेवणाची तक्रार कधी केली नाही. तहानेपुढे मात्र तिचं काही चालायचं नाही. बर्फाचा खडा गालात धरून ती गप्प बसून राहायची. एकदा बसमध्ये शेजारची बाई बाटलीतून घटाघटा पाणी प्यायली. बहिणीने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. ती हळूच म्हणाली, "ताई, मले आवाज ऐकू येतो."

डायलिसिसच्या हॉलमध्ये सुरुवातीला तीच सगळ्यांत लहान होती. बाकीचे सगळे वडलांच्या वयाचे. पुढे तिच्याएवढी आणखी मुलं येऊ लागली. शाळेचा गणवेश घालूनच येणारी एक मुलगी होती. तिच्याशी बहिणीची गट्टी जमली. सिस्टर म्हणायच्या, "आधी एवढी लहान पोरं क्वचित यायची. आता येतच असतात." गणवेशवाली मुलगी यायची थांबली, तेव्हा बहिणीने तिच्याबद्दल कुणालाच विचारलं नाही.

किडनी बसवायचं ठरलं. आईला शुगर निघाली, वडलांचा रक्तगट जुळला नाही. मी देते म्हटलं, तर बहीण चिडली. "मले नको तुझी किडनी. तुझं लगन व्हायचं आहे." मी ऐकलं नाही. तपासण्या करून घेतल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून तो माझ्यापुढे ठेवला. माझी एक किडनी लहान होती आणि जवळजवळ निकामी झालेली होती. हा दोष भावंडांमध्ये असू शकतो, ते म्हणाले. माझी दुसरी किडनी चांगली होती, पण ती मलाच जपायची होती.

बाहेर बाकावर बसलेल्या बहिणीला मी तिथंच सगळं सांगितलं. तिने माझ्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, हात ठेवला.

"दुखते का तुले?"

"नाही."

"मले पण दुखत नव्हती," ती म्हणाली.

दिवाळीनंतर तिला थंडी वाजून ताप आला. रक्तात संसर्ग झाला होता. जळगावला दाखल केल्यावर ती एकदाच शुद्धीवर आली. आईला म्हणाली, "माय, घरी जाऊ." आई हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण गेली.

मला आता अधूनमधून तपासणीला जावं लागतं. आई सोबत येते, पण दवाखान्याच्या पायऱ्या चढत नाही. समोरच्या रसवंतीच्या सावलीत पदर डोक्यावर घेऊन थांबते. मी बाहेर येऊन सांगते, सगळं ठीक आहे. ती माझा चेहरा निरखून बघते, विशेषतः डोळ्यांखाली, आणि मग स्टँडकडे चालू लागते.