दुपारचा पहारा

बाहत्तरच्या दुष्काळात, ऐन पौषात माझी आजी गेली आणि माझं देवावरचं मनच उडालं. नवऱ्यानं टाकल्यावर गावाचं सगळं बोलणं ऐकून घेऊन तिनंच मला घरात ठेवून घेतलं होतं. आता तिच्यामागं मला कोण, हे मी देवाला रोज विचारायचे आणि उत्तर येत नाही म्हणून त्याच्यावरच चिडायचे.

नेवाशाच्या बाजूला आमचं लहानसं गाव. चैत्रात मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस, अष्टौप्रहर कुणी ना कुणी गळ्यात वीणा घालून नाम घेत उभं राहतं. एकाचा पहारा संपला की दुसरा त्याच्या पाया पडून वीणा आपल्या गळ्यात घेतो. मधेच ती जमिनीला टेकली तर सप्ताह मोडला. दुपारी बारा ते दोनचा पहारा कुणालाच नको असायचा, तो आजीनं वीस वर्षं केला. बाईनं वीणा घ्यावी का, म्हणून सुरुवातीला पुरुषमंडळींनी नाकं मुरडली होती. मग त्या उकाड्यात आपल्यालाच उभं राहावं लागेल हे ध्यानात आलं, तसे सगळे गप्प बसले.

त्या वर्षी निम्मं गाव पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होतं. पारावर बैठक बसली तेव्हा जाणती माणसं म्हणाली, औंदा सप्ताह नको, उभं राहायला माणसंच नाहीत. मी बायकांतून उठले आणि सांगितलं की आजीचा पहारा मी करीन, बाकीच्यांनी आपापला बघावा. श्रद्धा म्हणाल तर नव्हती. पण तिचं एवढं एकच माझ्याकडं उरलं होतं आणि ते मी बंद पडू देणार नव्हते. माझ्या तोंडाला कोण लागणार, म्हणून असेल, पण सप्ताह बसला.

चौथ्या दिवशी एकादशी होती. दोन वाजून गेले तरी माझ्यानंतरचा गडी येईना. तलावावर त्या दिवशी कामाची मापं घेत होते, त्यात तो अडकला होता, हे मला नंतर कळलं. टाळ धरून बसलेली म्हातारी त्याला बघायला गेली ती तिकडचीच झाली. देवळात मी एकटी उरले. पोटात काही नव्हतं, जीभ टाळूला चिकटत होती. वीणा क्षणभर टेकवली असती तर मारुतीशिवाय कुणी पाहिलं नसतं. पण मी हट्टाला पेटले होते.

तेवढ्यात पन्नाशीचा एक परका माणूस सावलीला आला. घोडेगावच्या बाजारात बैल विकून निघालेला दिसत होता, खांद्यावर नुसता कासरा होता. माझ्याकडं पाहून त्यानं वहाणा काढल्या आणि पुढं आला.

"पोरी, आन ती वीणा हिकडं. उभ्या उभ्या पडशील."

हा कोण, कुठला, कुठल्या जातीचा, आणि माझ्या आजीचा पहारा याला का द्यायचा? मी म्हटलं, "माझी पाळी हाय. मीच धरनार."

त्यानं वाद घातला नाही. हात जोडून समोर उभा राहिला आणि माझ्याबरोबर नाम घेऊ लागला. थोड्या वेळानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा मी खांबाशी पडले होते आणि वीणा त्याच्या गळ्यात वाजत होती.

"टेकली का?" मी विचारलं.

"न्हाई टेकली," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "दावणीचा शेवटचा बैल इकला. घराकडं पाय निघंनात, म्हनून हितं आल्तो. हिनं उभं केलं मला."

पुढचा गडी तासाभरानं धावत आला, त्या माणसाच्या पाया पडला आणि त्यानं वीणा घेतली. मग तो परका माणूस आपल्या वाटेनं गेला. नाव, गाव, जात, मी काही विचारलं नाही. मघाशी मनात आलेल्या प्रश्नांची मला लाज वाटत होती.

साक्षात मारुतीच आला होता, असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. मी तसं म्हणत नाही. त्याच्या टाचांना भेगा होत्या आणि तो माझ्यासारखाच दुःखाचा धनी होता. मात्र त्याला त्या घडीला तिथं आणणाऱ्याला मी रोज हात जोडते. सप्ताह पार पडला, काल्याला दही मिळालं नाही तर ताकावर भागवलं. दुपारचा पहारा मी आजही करते.

आजीचा पहारा नातीनं जिद्दीनं राखला, असं लोक कौतुकानं सांगतात. मला ते ऐकवत नाही. त्या दुपारी वीणा माझ्या हातून सुटली होती, आणि तरी खाली पडली नाही.