टोकाचं वावर

नामपूरच्या अलीकडे मोसम नदीवर एक जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या पाटावर भिजणाऱ्या शेतीला फड म्हणतात. फडात जमीन ज्याची त्याची, पण पाणी साऱ्या गावाचं. म्हणून मालकानं आपल्या वावरात पाणी स्वतः घ्यायचं नाही. पाटाला फावडं लावायचं ते एकट्या पाटकऱ्यानं, आणि पाटकरी असा नेमायचा की ज्याची फडात वीतभरही जमीन नाही. स्वतःचं वावर असलं की माणसाचा हात तिकडेच वळणार, एवढं शहाणपण जुन्या लोकांना होतं. बिनजमिनीच्या माणसाचा हात कुठं वळतो, याचा विचार मात्र त्यांनी केला नव्हता.

भिका पाटकऱ्याचा हात रावजी आबांकडे वळायचा. आबा गावचे मुख्य पंच. त्यांचं वावर पाटाच्या अगदी तोंडाशी, आणि वावरात विहीर. पाटाचं पाणी तिथं ठरल्याहून जास्त वेळ मुरलं की विहीर तुडुंब भरायची आणि तिच्यावर आबांची डाळिंबाची बाग भर उन्हाळ्यात तरारलेली असायची. आबांनी भिकाला तसं कधी सांगितलं नाही, भिकानंही कधी विचारलं नाही. खळ्यावर त्याच्या वाट्याला गव्हाच्या चार पेंढ्या जास्त पडायच्या, बस्स.

वर मुरलेलं पाणी खाली कुठून येणार? पाटाच्या शेवटी, टोकाला, लंकाबाईचं वावर होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तेवढंच एक वावर तिचं सगळं होतं. दर हंगामात, गव्हाची ओंबी पोटरीत, म्हणजे ताटाच्या पोटात, भरायच्या वेळी ती बांधावर येऊन उभी राहायची.

"भिका भाऊ, गहू पोटरीमा शे. एक पानी दे. एकच."

"बारी येई," भिका म्हणायचा. "घाई नको करू."

आणि फावडं खांद्यावर टाकून ऐटीत चालू लागायचा. त्याला वाईट वगैरे काही वाटायचं नाही. गावातल्या ज्या माणसाला कुणी हिंग लावून विचारलं नसतं, त्याच्यापुढं जमीनवाली बाई पदर सावरून विनवणी करते, याची त्याला खरं तर गोडी लागली होती.

एका वर्षी लंकाबाईचा धीर सुटला. भरदुपारी तिनं पाटातून वावराकडे येणाऱ्या चारीचं मातीचं दारं हातानंच मोडलं आणि पाणी वावरात घेतलं. पाहिलं ते फक्त भिकानं. गप्प राहिला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण तो तडक मारुतीच्या पारावर गेला आणि पंचांना बोलावून घेतलं. फडाचा नियम कडक होता: पाण्याला हात लावणाऱ्याचं पाणी बंद आणि उभं पीक गावच्या गुरांना मोकळं, काट्यांचं कूपही मालकानंच स्वतःच्या हातानं उघडायचं. रावजी आबासुद्धा जरा चाचरले. बाईमाणूस आहे, समज देऊन सोडू, म्हणाले.

"आज बाईले सोडं," भिका म्हणाला, "ते सकाय सारा गाव पाटवर उभा राही, आबा."

लंकाबाईनं कूप उघडलं. दुसऱ्या वर्षी ते वावर तिनं आबांना कवडीमोलानं विकलं आणि चार शेळ्या घेतल्या. कूप उघडलं त्या दिवशी भिका पोटभर जेवला होता.

पुढं भिकाचे गुडघे गेले. त्याच सुमारास त्याचा जावई महेश, अंबडच्या कारखान्यातून कमी केल्यामुळं, बायकोसह सासऱ्याच्या दारी येऊन पडला होता. भिकानं त्याच्या हाती फावडं दिलं, पाट दाखवला, चाऱ्या दाखवल्या आणि आबांच्या वावरात पाणी किती वेळ ठेवायचं तेही दाखवलं. पोरगा हुशार निघाला.

मग एके दिवशी आबांनी भिकाला पारावर बोलावलं आणि चारचौघांत सांगितलं, "भिका, जन्मभर गावनं पानी राखं तू. ते टोकनं वावर तुले दिधं. कसी खाय. सातबारावर नाव मंग चढाई देसूत."

भिका ढसाढसा रडला. जन्मभर दुसऱ्यांची माती भिजवणाऱ्या माणसाला माती मिळाली होती. तो घरी गेला तो जमिनीचा मालक होऊनच. त्याची बायको सखुबाई तेवढी हरखली नाही.

"पण ते टोकनं शे," ती म्हणाली. "तठे पानी जास का?"

"अगं, पानी सोडनारा आपला जावई शे!" भिका हसला. लंकाबाईचं वावर आजवर कुणी कोरडं ठेवलं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हात बदलला की टोकालाही पाणी पोहोचेल, असा त्याचा हिशोब होता. आपण त्या हाताला काय शिकवलंय, ते बेट्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्यानं गहू पेरला. बोरीच्या काट्यांचं कूप घातलं. गुडघ्यांना तेल चोळून रोज वावरात जायचा आणि रोपांशी बोलायचा. गहू पोटरीत आला तशी जमीन भेगाळली. टोकाची चारी कोरडीठाक. भिका बांधावर येऊन उभा राहू लागला.

"बारी येईल मामा," महेश म्हणायचा. "घाई करू नका."

पहिल्यांदा भिका हसला. मग रागावला. मग त्यानं जावयापुढं, ज्याला त्यानं ताटातला घास काढून दिला होता त्याच्यापुढं, हात जोडले.

"आबांचं पाणी तोडलं तर मला ठेवतील का?" महेश म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, उलट तो समजावत होता. "पुन्हा कुठं जाऊ मी? तुम्हीच तर सांगितलं होतं, वरच्याला दुखवू नको."

गाव नामपूरच्या बाजाराला गेलं होतं, त्या दुपारी भिकानं चारीचं दारं मोडलं. पाणी वावरात शिरलं, भेगांमधून बुडबुडे काढत मुरू लागलं आणि म्हातारा गुडघाभर गव्हात उभा राहून लेकरासारखा हसला. मान वर केली तर बांधावर शेळ्या घेऊन लंकाबाई उभी. भिकाच्या तोंडचं पाणी पळालं. ती मात्र पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोहोचेतोवर पाहत राहिली आणि मग शेळ्या हाकत निघून गेली.

चुगली तिनं केली नाही. वरचं पाणी उतरलेलं महेशनं पाहिलं आणि तो तडक पारावर गेला.

संध्याकाळी पंच बसले. भिकानं पागोटं आबांच्या पायाशी ठेवलं. "म्हातारा माणूस शे, आबा. समज द्या अन् सोडा."

"आज म्हाताराले सोडं," आबा शांतपणे म्हणाले, "ते सकाय सारा गाव पाटवर उभा राही. तूनाच बोल शे हाई, भिका."

लोक हसले. मोठ्यानं, मनापासून हसले, कारण त्यांतल्या प्रत्येकानं कधी ना कधी भिकाच्या तोंडून 'बारी येई' ऐकलं होतं. हसू ओसरल्यावर आबा महेशकडे वळले. ते टोकाचं वावर तुझ्या म्हातारपणासाठी राहील, म्हणाले, सातबाऱ्याचं मग पाहू. महेशचा चेहरा उजळला. भिकानं तो पाहिला. बोलायला तोंडही उघडलं, पण म्हातारपणी दोन घास याच्याच घरी खायचे होते, म्हणून मिटून घेतलं.

सकाळी सारा गाव बांधावर जमला. भिकानं कुपाचे काटे हातानं ओढून वाट केली. तळहात रक्ताळले, तरी कुणी पुढं झालं नाही. गुरं यायला वेळ होता. लंकाबाईच्या शेळ्या आधी आल्या. ओल्या मातीत पाय रुतताच त्या बिचकल्या, मागं सरल्या. लंकाबाईनं पुढं होऊन हिरव्या ओंब्यांची मूठभर ताटं उपटली, शेळीच्या तोंडाशी धरली आणि तिला चुचकारत आत नेलं.

"खाय माय, खाय," ती म्हणाली आणि मग भिकाकडे पाहिलं. "काल पानी भेटेल गहू शे, भाऊ. गोड लागी तेस्ले."