चिंताकीच्या उतारावरची टाकी

माणिकराव मिस्त्रीला गोड बोलता येत नसे. कुणी गाडी घेऊन आला की तो आधी विचारायचा, "कुणी बिघडवली?" गिऱ्हाईक "आपोआप बिघडली" म्हणालं, की हातातला पाना खाली ठेवायचा आणि विडी पेटवायचा. बिदरला नौबादमध्ये लिंबाखाली त्याचं पत्र्याचं शेड होतं. माणूस तिरसट, पण काम चोख, म्हणून लोक ऐकून घेत. मीही बरंच ऐकून घेतलं आहे.

मी तेव्हा चिंताकीच्या शाळेत मास्तर होतो. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं. पाऊस दगा देऊन गेलेला, विहिरी आटलेल्या, आणि माझे चुलते बंडोपंत यांनी गावाला पाणी पुरवायचं काम अंगावर घेतलेलं. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप होती. तिच्या मागे दोन चाकांचा ट्रेलर, ट्रेलरवर लोखंडी टाकी. चालवायला सिद्धराम होता. त्याचं अर्धं आयुष्य बैलगाडी हाकण्यात गेलेलं. मोटार तो चाळिशीनंतर शिकला.

टाकी गावात यायची आणि तिथेच थांबायची. ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीत जायला खडा उतार होता. भरली टाकी मागून पिकअपला ढकलते, गाडीचा ब्रेक पुरत नाही, असं पंत सांगत. मग वस्तीतल्या बायका घागरी घेऊन चढून यायच्या, गावातल्या बायकांचं भरून होईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या आणि तळाचं गढूळ पाणी घेऊन परत उतरायच्या. उतार धोक्याचा होता हे खरं. ती सबब पंतांना सोयीची होती हेही तितकंच खरं, आणि तेव्हा मी तसं बोललो नाही.

त्या वस्तीत माणिकरावची थोरली बहीण सरुबाई राहायची. नवरा वारलेला, गुडघे धरलेले. एकदा माणिकराव तिला भेटायला आला, तेव्हा ती भरली घागर शेजारी ठेवून उताराच्या मध्यावर बसलेली त्याला दिसली. तो तिथूनच मागे फिरला आणि तडक आमच्या ओसरीवर आला.

"पंत, ट्रेलरला ब्रेक बसवून देतो. मजुरी नको मला. टाकी खाली वस्तीत न्यायची."

"उतरली तर नेऊ की. कामून न्हाई?" पंत म्हणाले. टाकी उतरणार नाही अशी त्यांची खात्री असावी.

कोणता ब्रेक, यावर दोघांचं वाजलं. ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणारा ब्रेक पंतांनी हैदराबादेत पाहिला होता. त्यांना तोच हवा होता.

"ते धक्का बसल्यावर लागतंय," माणिकराव म्हणाला. "आपल्याला धक्का बसायच्या आधी लागाय पायजे. आन् मागं घेताना उगीच आवळून बसतंय ते येगळंच."

त्याने भंगारातल्या जीपचा मागचा आख आणून ट्रेलरला जोडला, त्याच्या ब्रेकच्या ड्रमांसकट. ड्रमांपासून तार काढली आणि ट्रेलर जोडायच्या पिनेच्या बरोबर वरून नेली, म्हणजे वळणावर ती ताणली जाऊ नये. ती पुढे सिद्धरामच्या डाव्या हाताशी एका दांड्याला बांधली. उताराला लागताना आधी दांडा ओढायचा, मग पाय दाबायचा. खरी अडचण पुढेच होती. भरल्या टाकीला पुरेल इतका दांडा रिकाम्या टाकीला ओढला, तर चाकं जाम होऊन ट्रेलर आडवा सरकायचा. म्हणून दांड्याखालच्या पट्टीवर त्याने तीन दाते कानशीने घासले: रिकामी, अर्धी, भरलेली. सिद्धरामला वाचता येत नव्हतं. तेव्हा दात्यांशेजारी एक, दोन, तीन अशा खाचा केल्या, बोटाला लागतील अशा. दोन दिवस टाकी भर, ओत, भर, ओत चाललं होतं. दुष्काळात पाणी ओतायचं नाही म्हणून तेच पाणी हौदात आणि हौदातून परत टाकीत. एक दाता त्याने चार वेळा घासला. मला तर कंटाळा आला होता.

तिसऱ्या दिवशी टाकी वस्तीत उतरली. आठ दिवस उतरत राहिली. पंतांनी शब्द पाळला, थोड्या नाखुशीने का होईना.

नवव्या दिवशी सिद्धरामने तिसऱ्या दात्यावर दांडा ओढला आणि ब्रेक लागलाच नाही. टाकीने पिकअपला ढकलायला सुरुवात केली. त्याने प्रसंगावधान राखून गाडी शेताच्या बांधावर घातली. माणसाला खरचटलंही नाही, पण टाकी कलंडली आणि सगळं पाणी नांगरटीत गेलं. वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन खाली उभ्या होत्या.

"बास झालं," पंत म्हणाले. "उद्यापासून टाकी वरच. मिस्त्रीची हौस फिटली."

माणिकराव आला. त्याने ड्रम उघडला, आतला भाग बोटाने पुसला आणि बोट नाकाशी नेलं. मग तेच बोट सिद्धरामपुढे धरलं.

"एरंडेल," सिद्धराम खाली बघत म्हणाला. "कुरकुरायलं होतं, मिस्त्री. बायामाणसं ऐकून हसायल्या. गाडीचं चाक ओरडलं तर गाडीवानाची लाज जाती. मागच्या भोकातून घातलं मी, चांगलं पोटभर."

आमच्याकडे कुरकुरत्या बैलगाडीच्या धन्याला लोक पोरी देताना विचार करत. सिद्धरामने आयुष्यभर जे करून नाव कमावलं, तेच इथे केलं होतं, आणि तेलाने ब्रेक निसटला होता. पंत त्याला त्याच क्षणी घालवायला निघाले.

"चूक माजी हाय," माणिकराव म्हणाला. "दाते सांगितलो, आवाजाचं न्हाई सांगितलो. सिद्धरामअण्णा, ते ओरडायलंय तवरच ते धरायलंय. गप बसलं की भ्यायचं."

त्याच्या तोंडून "चूक माजी" मी एवढं एकदाच ऐकलं.

त्याने ड्रम पेट्रोलने धुतले, आत ब्रेकच्या नव्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवल्या. पण पंत ऐकेनात आणि सिद्धराम दांड्याला हात लावेना. "हात उटंना मिस्त्री. म्होरं बाया असत्यात," असं तो सारखं म्हणत होता. माणिकरावला स्वतः चालवता आली असती. पण तो नौबादला गेल्यावर काय? रोज चालवणार सिद्धरामच.

"बसा गाडीत," तो म्हणाला. "बाया बाजूला राहत्याल. म्होरं मी चालतो."

आणि तो खरंच उतारावर जाऊन पिकअपच्या पुढे दहा पावलांवर उभा राहिला, गाडीकडे पाठ करून. पंतांनी दोनदा "थांबा" म्हटलं, पण माणिकराव चालू लागला होता. मग सिद्धरामने दांडा ओढला आणि गाडी सोडली. ट्रेलर मोठ्याने ओरडायला लागला. माणिकराव सावकाश चालत राहिला, विडीसुद्धा न पेटवता. मी वरून बघत होतो. ओढ्याकाठी सपाटी आली तेव्हा तो बाजूला झाला आणि टाकी त्याच्याजवळ येऊन थांबली.

बायका घागरी घेऊन धावल्या. सरुबाई जागची हलली नाही.

"अक्का, भर की," माणिकराव म्हणाला.

"पाणी मागितले होते रे मी," ती म्हणाली. "तुझा जीव कवा मागितले?"

रिकामी घागर तिथेच टाकून ती लंगडत घराकडे निघून गेली. माणिकरावने घागर विसळली, भरली, खांद्यावर घेतली आणि तिच्या उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. दार आतून लावलेलं होतं. तो दारापाशी बसून राहिला. ऊन कलल्यावर दार उघडलं. सरुबाईने त्याच घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि आधी त्याच्या हातात दिलं.